राजाभाऊंचा लाल दिवा

राजाभाऊंबरोबर आकाश पाहायला जायचं म्हणजे सामानाची यादी करावी लागे, आणि त्या यादीत दुर्बिणीच्याही आधी राजाभाऊंची आरामखुर्ची असे. यादी मी करत असे. बुलढाण्याच्या मुलींच्या शाळेत मी गणित शिकवत होते आणि राजाभाऊ शाळेच्या समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी काढलेल्या आकाशदर्शन मंडळाची चिटणीस व्हायला मी नाही म्हणेन, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. "बाईचं अक्षर चांगलं आहे," एवढंच ते बोलले, तेही माझ्याकडे न पाहता. तेव्हापासून खुर्ची, खुर्चीवरची गादी, गादीवरची शाल, चहाचा थर्मास, पानाचा डबा आणि मग दुर्बीण, असा क्रम ठरून गेला.

राजाभाऊ देऊळघाटचे. जमीन भरपूर, नागपूरची बी.ए.ची पदवी, दारात जीप आणि दिवसभर करायला काही नाही. मराठी राज्य नवंनवं झालं होतं, गावोगाव मंडळं निघत होती. कोणी वाचनालय काढलं, कोणी भजनी मंडळ. राजाभाऊंनी आकाश घेतलं, कारण ते अजून कोणी घेतलेलं नव्हतं. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी दुर्बीण विकत घेतली आणि तिच्याबरोबर साहेबाची उन्हात घालायची सोला हॅटही मागून घेतली. ही हॅट ते सूर्य मावळल्यावर घालत. दुर्बिणीला डोळा लावायचा तर हॅटची कड नळीला अडे. मग ते मान तिरकी करत, हॅट सावरत आणि "ढग आहे" असं सांगून बाजूला होत. आकाश तेव्हा धुतल्यासारखं स्वच्छ असे.

त्यांच्या तोंडी एक शब्द होता, 'वैज्ञानिकदृष्ट्या'. वैज्ञानिकदृष्ट्या चहा कपापेक्षा बशीतून प्यावा. वैज्ञानिकदृष्ट्या बायकांनी तुरीची डाळ कमी खावी. एकदा जीप चिखलात रुतली तेव्हा सगळे ढकलत होते आणि राजाभाऊ आत बसून, वैज्ञानिकदृष्ट्या वजन पुढच्या चाकावर हवं, असं सांगत होते. त्यांच्या पत्नी शांतावहिनी फार बोलायच्या नाहीत. पण हा शब्द आला की त्या ओट्यावरून उठून आत जायच्या. एकदा मी विचारलं, "वहिनी, का उठलात?" तर म्हणाल्या, "पोळी करपते जी." चुलीवर तेव्हा काहीच नव्हतं.

दुर्बिणीतून सगळं नीट दिसलं तर ती "आपली दुर्बीण" असे. काही बिघडलं की ती "नामदेवानं लावलेली दुर्बीण" होई.

नामदेव म्हणजे बुलढाण्यातला फोटोवाला. एस.टी. स्टँडच्या रस्त्यावर त्याचं छोटं दुकान होतं. पुढे पडदा, पडद्यावर रंगवलेलं तळं आणि हंस, मागे काळ्या कापडाआड फोटो धुवायची खोली. त्याचे भाऊ मोताळ्याकडे मळा करत, वांगी, मिरची, कोथिंबीर. नामदेवानं मळा सोडून कॅमेरा धरला, हे भावांना मुळीच पटलं नव्हतं. त्यांनी त्याला सरळ सांगितलं होतं, यंदाच्या लग्नसराईत दुकान चाललं तर ठीक, नाही तर मुकाट्यानं मळ्यावर ये. नामदेवानं ते मला हसत हसत सांगितलं होतं. पण दुकानाबाहेरची पाटी तो रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसत असे, ते काही हसण्यावारी नव्हतं.

लग्नाचे फोटो कोणाकडून काढायचे हे त्या भागात राजाभाऊंना विचारून ठरे. त्यामुळे मंडळात नामदेव आला. दुर्बिणीला कॅमेरा जोडणं, तिचा पाया समतल करणं, उचलणं आणि ठेवणं, सगळं त्याच्याकडे. राजाभाऊ खुर्चीवरून सांगत, "नामद्या, थोडं डावीकडे घे बे. तुह्यं डावं."

त्या वर्षी त्यांचा जर्मनीत शिकणारा पुतण्या सुटीवर आला आणि काकांसाठी दोन वस्तू घेऊन आला. एक होता फिल्टर, बिस्किटाएवढा, आरशासारखा चमकणारा काचेचा तुकडा. दुसरा होता खास आकाशाच्या फोटोंसाठी केलेल्या काचेच्या दोन प्लेटांचा लहान डबा. आकाशात काही ठिकाणी वायूचे प्रचंड ढग आहेत, जवळच्या ताऱ्यांच्या तेजानं ते स्वतःच उजळतात. त्यांना तेजोमेघ म्हणतात. त्यातला हायड्रोजन एका ठरावीक गडद लाल रंगात प्रकाशतो, इतक्या मंद की डोळ्याला बहुतेक मेघ दिसतच नाहीत. तो फिल्टर नेमका त्या लाल रंगाचा अरुंद पट्टा आत सोडतो आणि बाकीचा सगळा उजेड बाहेर ठेवतो. प्लेटाही मुद्दाम त्या लाल रंगाला हळव्या केलेल्या. पुतण्यानं हे दोनदा समजावून सांगितलं. मी लिहून घेतलं. राजाभाऊ तेव्हा फिल्टर उन्हात धरून ओट्यावर कवडसे पाडत होते.

पुतण्या गेल्यावर फिल्टर बैठकीत आला. जो पाहुणा येई त्याच्या हातात राजाभाऊ तो देत. "पाहा, यातून काई दिसत नाई. म्हनूनच भारी आहे." पाहुणे तो डोळ्याला लावत, दिव्याकडे पाहत, काळपट लाल काहीतरी दिसलं की माना हलवत आणि अंगठे उमटवून परत देत. फोटोच्या दिवशी मी तो स्वच्छ केला तेव्हा त्यावर निम्म्या तालुक्याचे ठसे होते, एकाला पानाचा चुनाही लागलेला.

मृग नक्षत्राच्या पट्ट्यापाशी असलेल्या मेघाचा फोटो घ्यायचा, असं ठरलं. माघात मृग दिवेलागणीलाच वर आलेला असतो. राजाभाऊंनी आदल्या दिवशी गावात दवंडी पिटवली की उद्या संध्याकाळी कोणी बाहेर दिवा लावायचा नाही. मी म्हटलं, "राजाभाऊ, फिल्टर आहे. कंदिलाचा उजेड तो बहुतेक अडवणारच."

"बाई, वैज्ञानिकदृष्ट्या अंधार तो अंधार."

त्यामुळे देऊळघाटात लोकांनी अंधारात म्हशी दोहल्या. एक म्हातारा तावातावानं आम्ही दुर्बीण मांडलेल्या खळ्यावर आला. "राजाभाऊ, काऊन बे दिवे बंद केले? माही म्हैस लाथ मारून राह्यली. ताऱ्याचा फोटो काढून राह्यले का ताऱ्याची चोरी करून राह्यले?"

"तुले नाई समजनार, बाबा. हे विज्ञान आहे."

"मंग तुमच्या तोंडात हे काय जळून राह्यलं?"

राजाभाऊंच्या तोंडात विडी होती. दुर्बिणीला टेकून ते ती ओढत होते आणि दर थोड्या वेळानं घड्याळ पाहायला काडी पेटवत होते. म्हातारा काडीकडे पाहत उभा राहिला, मग मान हलवून गेला. लाथ म्हाताऱ्याला बसली होती, काडी मात्र राजाभाऊंना क्षम्य होती.

अशा फोटोत खरं काम वाट पाहण्याचं असतं. तारे सरकतात, त्यांच्याबरोबर दुर्बीण सरकवावी लागते. मोठ्या दुर्बिणीलाच जोडलेल्या लहान दुर्बिणीत दोन तारांची फुली असते, त्या फुलीवर एक तारा धरून तासभर चाकं फिरवत राहायचं, अगदी केसाएवढं. डोळा काढला की फोटो गेला. मी आणि नामदेव आळीपाळीनं ते करत होतो. राजाभाऊ खुर्चीत शाल घेऊन बसले होते आणि पुढे नागपूरला आपण यावर कसं भाषण करू, ते सांगत होते. माझी पाळी संपून मी उठले तेव्हा माझी मान वळत नव्हती. राजाभाऊ म्हणाले, "दमलो बुवा."

प्लेट धुवायला सगळे बुलढाण्याला नामदेवाच्या दुकानात आलो. डब्यावर इंग्रजीत सूचना होत्या. नामदेवाला इंग्रजी येत नव्हतं. त्यानं डबा राजाभाऊंसमोर धरला. "राजाभाऊ, काय लिवलं जी?"

राजाभाऊंनी मोठ्यानं वाचलं आणि मराठीत सांगितलं. "पूर्ण अंधारात हाताळा."

"मंग लाल दिवा नोको का?"

"काऊन नोको? तुह्या खोलीत लाल दिवा असतोच ना? फोटोवाल्याच्या हिशेबानं लाल दिवा म्हंजे अंधारच. आजलोक काई बिघडलं का त्यानं?"

खरंच काही बिघडलं नव्हतं. नामदेवाचे नेहमीचे कागद आणि प्लेटा लाल उजेडाला आंधळ्या असत, साऱ्या फोटोवाल्यांच्या खोलीत म्हणूनच लाल बल्ब जळतो. नामदेव तरी थांबला. "अंधारात धुतलं तरी जमते मले. घड्याळ मोजून काढतो."

"अन् मले काय दिसन? मी काय भिंतीसोबत उभा राहू? मले फोटो येताना पाह्याचा आहे. लाव दिवा."

तर दिवा लागला. प्लेट लाल रंगाला हळवी असल्याचं माझ्याच वहीत होतं, पण तेव्हा मलाही ते सुचलं नाही. राजाभाऊंपुढे विज्ञानाचा प्रश्न नव्हता. राजाभाऊंना एवढा वेळ न पाहता, न दाखवता, नुसतं उभं राहणं जमत नव्हतं. मी पडद्याबाहेर बाकावर बसले होते आणि आतून त्यांचा आवाज येत होता. "येऊन राह्यला... येऊन राह्यला... आण इकडे, दिव्यापाशी पाहू दे."

प्लेट बाहेर आली ती धुरकट. तारे होते, पण साऱ्या प्लेटभर राखाडी झाक. तिच्यावरून कागदावर फोटो काढला तेव्हा ती झाक उजेडासारखी दिसली, मृगापासून थेट कडेपर्यंत. राजाभाऊ बराच वेळ पाहत राहिले. मग टाळी वाजवून म्हणाले, "बाई, लिहा. साऱ्या मृगात मेघ आहे. फक्त पट्ट्यापाशी नाई, साऱ्या मृगात. जर्मनीवाल्यायलेही ठाऊक नसन हे."

फोटो मोठा करून चौकटीत बसवला. खाली 'देऊळघाटचा मेघ' असं लिहायचं राजाभाऊंच्या मनात होतं. मेघ देऊळघाटचा कसा, असं मी विचारलं. ते म्हणाले, "सापडला कुठी?"

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला नागपूरहून एक प्राध्यापक आले होते, आकाशाचे जाणकार, शांत आणि हळू बोलणारे. राजाभाऊंनी त्यांना हात धरून चौकटीपुढे नेलं. समितीची मंडळी होती, गावातले व्यापारी होते, मुलींचे पालक होते. नामदेव मागे भिंतीला टेकून उभा होता, नवा शर्ट घालून.

प्राध्यापकांनी फोटो पाहिला. मग म्हणाले, "मूळ प्लेट आहे का?"

प्लेट आणली. त्यांनी ती खिडकीपाशी उजेडात धरली. "ही कड पाहा. कॅमेऱ्यात बसवताना प्लेटची कड चौकटीच्या ओठाखाली झाकलेली असते. तिथे आकाश पोचतच नाही. आणि झाक मात्र कडेलाही आहे." त्यांनी प्लेट किंचित वाकडी केली. "हा उजेड आकाशातला नाही. प्लेट कॅमेऱ्याबाहेर काढल्यावर पडलेला आहे. खोलीत कोणता दिवा होता?"

मागून नामदेव म्हणाला, "लाल."

"असं," प्राध्यापक म्हणाले, जराही आवाज न चढवता. "तुम्ही लाल रंग टिपायला ही प्लेट घेतलीत, फक्त लाल आत यावा म्हणून फिल्टर घेतलात, आणि मग खोलीत लाल दिवा लावलात. प्लेटनं तोच टिपला. तिनं तिचं काम चोख केलं." मग कोपऱ्यातल्या एका स्वच्छ लंबगोल जागेवर बोट ठेवून म्हणाले, "इथे धरून कोणीतरी ती दिव्याजवळ नेली. अंगठ्याखाली तेवढी वाचली."

तो अंगठा चांगला जाडजूड होता. नामदेवाचे हात वाळक्या शेंगांसारखे बारीक. खोलीतल्या साऱ्यांची नजर आपसूक राजाभाऊंच्या हाताकडे गेली. राजाभाऊंनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाले, "नामद्या, काय केलं बे तू हे?"

एवढी मंडळी होती. नामदेव काही बोलला असता तर अध्यक्ष तोंडघशी पडले असते. तो बोलला नाही. मी बोलले. मी म्हटलं, दिवा राजाभाऊंनी लावायला सांगितला होता. समितीतल्या एकानं लगेच चहा आल्याचं जाहीर केलं आणि मंडळी चहाकडे वळली. निघताना प्राध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, "प्लेट उरली असेल तर पुन्हा एक घ्या. तारे चांगले टिपलेत, गोल आले आहेत. ज्यानं धरले त्याचा हात स्थिर आहे. आली तर मला पाठवा."

पुढच्या आठवडाभरात हे प्रकरण मोताळ्याच्या बाजारापर्यंत पोचलं, राजाभाऊंच्या शब्दांत. नामद्यानं माझा शोध जाळला. जर्मनीची प्लेट, अन् या गड्यानं लाल दिवा लावला. मी किती ओरडलो, पन ऐकते का? जीपमधून उतरून ते हे सांगत, मिरचीच्या ढिगाशी उभे राहून सांगत. त्याच बाजारात नामदेवाचे भाऊ वांगी विकायला बसत. त्यांनाही त्यांनी ऐकवलं.

माणसं फोटोवाल्याकडे लग्न सोपवतात तेव्हा एकच गोष्ट पाहतात, हा माझी प्लेट जाळणार तर नाही ना. नामदेवाकडे ठरलेलं पहिलं लग्न मलकापूरच्या फोटोवाल्याकडे गेलं. मग दुसरं गेलं. मी दुकानात गेले तेव्हा तो पडद्यावरच्या हंसाला पांढरा रंग देत बसला होता. गिऱ्हाईक नव्हतं. म्हणाला, "भाऊ येऊन गेला. म्हने, मिरची तोडायले मानूस पाह्यजे."

"तू सांगत का नाहीस, दिवा कोणी लावायला लावला ते?"

"कोनाले सांगू, बाई? ज्याले विचारून लोक येतात, त्याच्याच विरोधात?"

यावर मी चिडले. चिडले की मी कामाला लागते. दुसऱ्या दिवशी शाळेच्या कामाच्या निमित्तानं देऊळघाटला गेले. राजाभाऊ ओट्यावर होते. मी म्हटलं, "प्राध्यापकांनी सांगितलंय, एक चांगली प्लेट आली तर पाठवा."

"आता काय उरलं त्यात. नामद्यानं घोळ केला."

"ठीक. एक प्लेट उरली आहे. मीच आणि नामदेव घेऊ. त्याखाली नाव कोणाचं घालायचं, तेवढं प्राध्यापकांना कळवीन."

राजाभाऊंनी सुपारी कातरायची थांबवली. आतून शांतावहिनींचा आवाज आला, "जीपमधी पेट्रोल टाकलं का जी?" मी आत पाहिलं तर त्या पोळ्या लाटत होत्या, मान खाली घालून.

त्या संध्याकाळसाठी मी दोन याद्या केल्या. एक न्यायच्या वस्तूंची. दुसरी राजाभाऊंकडून काढून घ्यायच्या वस्तूंची, तीत काडीपेटी, विडीचं बंडल, टॉर्च आणि हॅट. काडीपेटी त्यांनी दिली, हॅट द्यायला बराच वेळ लावला. मी ती म्हशीच्या गोठ्यातल्या खुंटीला अडकवली. फिल्टर मी आधीच बैठकीतून उचलून माझ्या पिशवीत ठेवला होता, स्वच्छ रुमालात गुंडाळून. दवंडी या वेळी पिटली नाही. गावात कंदील लागले, कोणाच्या म्हशीनं कोणाला लाथ मारली नाही, आणि फिल्टरला त्या कंदिलांचं काहीच वाटलं नाही. नामदेवानं आणि मी तारा धरला. राजाभाऊ खुर्चीत अस्वस्थ होऊन चुळबुळत होते. करायला काही नसलेल्या त्या माणसाच्या हातात त्या दिवशी काडीसुद्धा नव्हती.

दुकानात आल्यावर खोलीच्या दाराशी ते नेहमीप्रमाणे पुढे झाले. नामदेव प्रथमच त्यांच्या आड उभा राहिला. "राजाभाऊ, आत या. पन दिवा नाई लागनार." मग स्टुलावर चढून त्यानं लाल बल्ब होल्डरमधून काढला आणि माझ्या हातात दिला. "बाई, हा तुमच्यापाशी ठेवा. मी मागितला तरी देऊ नोका."

मी बाकावर बसले, मांडीवर रुमाल, रुमालात तो बल्ब, अजून जरा कोमट. पडदा ओढला गेला. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, मग नुसतं नामदेवाचं पुटपुटणं. तो आकडे मोजत होता. थोड्या वेळानं राजाभाऊंचा आवाज आला.

"आला का बे?"

"मोजून राह्यलो, राजाभाऊ."

एखादी बाटली हलल्याचा आवाज.

"मले काईच दिसून नाई राह्यलं."

"कोनालेच नाई दिसून राह्यलं. बोटं घालू नोका तठी."

"अरे, एक काडी तर लाव. कोन पाहून राह्यलं?"

"प्लेट पाहून राह्यली, राजाभाऊ."

त्यानंतर राजाभाऊ गप्प झाले. त्यांच्या तोंडून एवढा वेळ शब्द न निघाल्याचा माझ्या पाहण्यातला तो एकमेव प्रसंग, आणि तोही मला पाहता आला नाही, नुसता ऐकता आला. आत त्यांना काय वाटत होतं, मला माहीत नाही. मी तेव्हाही विचार केला नाही, आता करायची गरज वाटत नाही.

पडदा सरला. नामदेव ओली प्लेट कडांना धरून बाहेर आला आणि दिव्यापुढे धरली. कड काचेसारखी स्वच्छ. मधे तारे, प्लेटवर उजेड उलटा उमटतो म्हणून काळे, टाचणीच्या टोकाएवढे, गोल. पट्ट्यातल्या एका ताऱ्याच्या कडेनं पिंजलेल्या कापसाचा पेळू ठेवावा तसा, पण राखाडी, मेघ होता, एका बाजूला अलगद विरत गेलेला, दुसऱ्या बाजूला धारदार कापलेला. जे आम्ही डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि पाहणार नव्हतो, ते त्या तळव्याएवढ्या काचेवर आलं होतं. नामदेवाचा श्वास मला ऐकू येत होता.

राजाभाऊंनी प्लेट मागितली. नामदेवानं दिली नाही, फक्त त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. ते वाकले. मला वाटलं, आता तरी हा माणूस मुकाट पाहील. ओल्या काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मी म्हनत नव्हतो?"

प्राध्यापकांचं उत्तर आलं, प्लेट उत्तम आहे, ती नागपूरच्या प्रदर्शनात ठेवू. आता राजाभाऊंपुढे खरी अडचण उभी राहिली. फोटो आपला म्हणायचा तर तो अस्सल म्हणायला हवा, आणि अस्सल म्हणायचा तर ज्यानं तो धुतला त्याला जिल्ह्यातला पहिल्या नंबरचा फोटोवाला म्हणायला हवं. दुसरी वाट म्हणजे पहिल्या वेळी दिवा आपण लावला होता हे सांगणं, आणि ती त्यांच्यासाठी कधी वाट नव्हतीच. त्यांनी एका दिवसात सगळं बदललं. त्याच बाजारात, त्याच मिरचीच्या ढिगाशी उभे राहून ते सांगू लागले, "नामदेवासारखा हात नाई कोनाचा. म्याच घडवला त्याले. पहिल्या वेळी जाऊ दे म्हनलं, शिकन पोरगा." भावांनाही सांगितलं. भाऊ दुसऱ्या दिवशी दुकानात टोपलीभर वांगी घेऊन आले.

मलकापूरला गेलेली लग्नं काही परत आली नाहीत, पण पुढची आली. मी संतापून नामदेवाला म्हटलं, "त्यांनी तुझी माफी मागायला हवी. तू मागून घे."

तो वधूवरांचे फोटो सुकायला दोरीवर लावत होता. "माफी घेऊन काय करू, बाई? तिचा फोटो निघत नाई." मग एक चिमटा लावून म्हणाला, "लग्नं येऊन राह्यली ना." मला ते पटलं नाही. पण मळ्यावर जायची वेळ त्याची होती, माझी नव्हती, म्हणून मी गप्प बसले. बल्ब मी त्याला परत केला होता, नेहमीच्या कागदांसाठी तो लागतोच. राजाभाऊंची जीप दारात थांबलेली दिसली की नामदेव आधी स्टुलावर चढे, तो काढून खिशात टाके आणि मग म्हणे, "या राजाभाऊ, बसा."

त्या जूनमध्ये माझी खामगावला बदली झाली. मंडळाच्या वह्या, फिल्टर आणि याद्या शांतावहिनींच्या हवाली केल्या. राजाभाऊंच्या हवाली केल्या असत्या तर त्या पाहुण्यांच्या हातात गेल्या असत्या. वहिनींनी फिल्टर पदरानं पुसून डाळीच्या डब्यात ठेवला. "इथी हे हात घालत नाई," म्हणाल्या.

निघाले त्या सकाळी एस.टी. स्टँडवरून हलली आणि नामदेवाच्या दुकानासमोर गर्दीनं थांबली. राजाभाऊंना मी पाहिलं ते शेवटचं तिथे. नामदेवानं तेजोमेघाचा फोटो मोठा करून, काच लावून, दारालगतच्या भिंतीवर टांगला होता. त्याच्यापुढे राजाभाऊ उभे होते, सोला हॅट डोक्यावर, काठी बगलेत. समोर बाजाराला निघालेली पाच-सात माणसं होती. राजाभाऊ दोन्ही हात पसरून त्यांना आकाश समजावत होते. फोटो त्यांच्या पाठीमागे होता आणि त्यांचं अंग इतकं रुंद होतं की मेघ, पट्टा, तारे, सगळं त्यांच्याआड गेलं होतं. माणसं डावीकडून मान वाकवून पाहत होती, उजवीकडून पाहत होती. एक बाई म्हणाली, "बाजूले व्हा ना जी, दिसून नाई राह्यलं." राजाभाऊ तिला म्हणाले, "ऐक ना, सांगून तर राह्यलो."

त्यांच्या कोपराखालून वाकून एक नवरानवरी, हळद अजून न गेलेली, दुकानात शिरली. आत नामदेवानं पडद्यावरचा हंस सरळ केला आणि त्यांच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. तेवढ्यात गाडी सुटली.